गडकऱ्यांच्या माघारी

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी नागपूरजवळच्या सावनेरला वारले, तेव्हा त्यांना चौतिसावं वर्ष चालू होतं. आपली 'प्रेमसंन्यास' आणि 'पुण्यप्रभाव' ही दोनच मोठी नाटकं त्यांना रंगभूमीवर आलेली पाहता आली. 'एकच प्याला' बडोद्याला लागलं ते गडकरी गेल्यावर महिन्याभरात. 'भावबंधन' त्याच्या पाठोपाठ आलं. 'राजसंन्यास' अर्धंच राहिलं. गोविंदाग्रज या नावानं लिहिलेल्या कविता 'वाग्वैजयंती'त एकत्र झाल्या १९२१ साली. आणि बाळकराम या नावानं त्यांनी जे विनोदी लेख लिहिले, 'मनोरंजन'सारख्या मासिकांतून विखुरले गेले, ते 'संपूर्ण बाळकराम' म्हणून एका पुस्तकात आले १९२५ साली. म्हणजे ज्या गडकऱ्यांना आपण गडकरी म्हणून ओळखतो, ते बहुतेक सगळे त्यांच्या माघारी आपल्या हाती आलेले आहेत.

सध्या रोज रात्री मी 'संपूर्ण बाळकराम'मधला एक लेख वाचतो. एकच. आमच्या मराठवाड्यातल्या कुंभार पिंपळगावच्या शिवारात शेतीच्या लाईटची रात्रपाळी असली की उसाला पाणी द्यायला आखाड्यावर थांबावं लागतं. मोटर चालू करायची, दारं धरायची, एक सरी भरेपर्यंत वेळ असतो, तेवढ्यात एक लेख होतो. विनोदी लेखन असं थोडं थोडंच वाचावं, हे मला या पुस्तकानं शिकवलं. हे लेख मासिकांसाठी लिहिलेले. तेव्हाच्या वाचकाला एक लेख वाचून झाल्यावर पुढच्याची वाट पाहावी लागायची, मधल्या दिवसांत तो चार जणांना सांगायचा, त्यातली एखादी कोटी घरात बोलली जायची. आपण ते सगळे एका बैठकीत उपसायला गेलो तर दहाव्या पानावर जीव दमतो, आणि दोष मात्र लेखकाला देतो.

लेखक हयात असताना पुस्तक निघतं तेव्हा तो स्वतः निवडतो. हे ठेवू, ते काढू, इथं फार लांबलं, तिथं तीच कोटी दुसऱ्यांदा आली. गडकऱ्यांना बाळकरामाच्या बाबतीत ही संधी पूर्णपणे मिळालीच नाही. त्यामुळं या पुस्तकात त्यांचा उत्तम विनोद आहे, बरा आहे आणि थकलेलाही आहे. कधी शब्दावर शब्द चढवत ते इतके लांब जातात की मूळ गोष्ट मागं राहते. संस्कृत नाटकं, पुण्यातल्या सभा, त्या वेळची वर्तमानपत्रं यांची टिंगल करणारी बरीच वाक्यं आज टीपा दिल्याशिवाय कळत नाहीत. हे मान्य करूनच पुस्तक वाचावं असं मला वाटतं. गेलेल्या लेखकाच्या प्रत्येक ओळीला नमस्कार करत वाचलं तर त्याची खरी ताकद कुठं आहे ते कळायचं राहून जातं.

ती ताकद 'कवींचा कारखाना'मध्ये आहे. स्वतः गोविंदाग्रज म्हणून महाराष्ट्राला वेड लावणारा कवी बाळकराम होऊन कवितेच्या ठरीव साच्यांची अशी काही झडती घेतो की आजच्या कवीनंही ते वाचून मगच वही उघडावी. ती 'स्वयंपाकघरातील गोष्टी'मध्ये आहे, जिथं बायकांच्या बोलण्याला त्यानं नेमका कान दिलाय. आणि सगळ्यात जास्त आहे ती ठकीच्या लग्नाच्या लेखांमध्ये.

ठकीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण आज सगळा दिवस तीच डोक्यात आहे.

ठकी ही लग्नाची मुलगी. रूपानं डावी. तिचं लग्न जमवायला बाळकराम आणि मंडळी निघतात आणि ती एक लढाईची मोहीमच होऊन बसते. पूर्वतयारी, वरसंशोधन, आणि मग 'लग्न मोडण्याची कारणे'. लेखाच्या या मथळ्यातच त्या काळातल्या किती घरांची कहाणी आलीय! मुलगी दाखवायची, नाकारली जायची, पुन्हा दाखवायची. गडकऱ्यांनी हे सगळं अतिशयोक्तीच्या भिंगाखाली धरलं. मुलीच्या रूपावर जे विनोद त्यात आहेत, त्यातल्या काहींवर मला हसू आलं नाही. शंभर वर्षांपूर्वी त्यावर लोक खळखळून हसले असतील. आज एखाद्या मुलीसमोर ते वाचता येणार नाहीत, आणि येऊ नयेत. पण थोडं पुढं वाचत गेलं की दिसतं, बाळकरामाचा खरा मारा ठकीवर नाही. मुलगी बघायला येणाऱ्यांच्या तोऱ्यावर आहे, हुंड्याच्या घासाघिशीवर आहे, दिसण्यापासून कुळापर्यंत सगळं तागडीत टाकणाऱ्या बाजारावर आहे. ठकी त्या बाजाराच्या मधोमध गप्प उभी आहे.

परवा संध्याकाळी आमच्या वाड्यासमोर बायका शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना मी यातला एक लेख मोठ्यानं वाचून दाखवला. जुन्या पुणेरी वळणाची भाषा, मधूनमधून मी सोपं करून सांगत होतो. वरपक्षाच्या तऱ्हा आल्या तिथं हसू फुटलं, चांगलं मोठ्यानं. एक-दोघींनी आपल्या सोयऱ्याधायऱ्यांतली नावं घेऊन "अगदी असाच" म्हणून ठोकूनही दिलं. आमच्या एक आत्याबाई, सत्तरीच्या पुढच्या, शेंगा फोडायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग, जमलं का त्या लेकराचं?" मी म्हटलं, "आत्या, गोष्ट आहे ती." त्या म्हणाल्या, "गोष्टच. पण लेकरू तर व्हतं ना कुणाचं तरी." आणि पुन्हा शेंगांकडं वळल्या.

गडकऱ्यांच्या विनोदावर मोठमोठ्या समीक्षकांनी लिहिलंय. त्यातलं थोडं मीही वाचलंय. आत्याबाईंच्या प्रश्नाइतकं नेमकं मला त्यात काही सापडलं नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या, कुठल्या दूरच्या मुलुखातल्या, कागदावरच्या मुलीची काळजी एका बाईला वाटावी, तीही हसून हसून डोळ्यांत पाणी आल्यावर लगेच, तर लिहिणाऱ्याच्या मनात तिच्याबद्दल माया असल्याशिवाय हे होत नाही. 'एकच प्याला'मध्येही हेच आहे. तळीराम आणि त्याचं आर्य मदिरा मंडळ प्रेक्षकांना लोळवतं, आणि त्याच दारूनं पलीकडं सिंधूचा संसार संपत असतो. गडकऱ्यांनी हसणं आणि रडणं वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलं नाही.

आता आमच्या गावाकडं बघा. आज ठकी शोधूनही सापडत नाही. कुंभार पिंपळगाव आणि आसपासच्या कुठल्याही गावात जा, तीस-बत्तीस वर्षांची, धडधाकट, निर्व्यसनी, चार-पाच एकर बागायत असलेली मुलं लग्नावाचून बसलेली दिसतील. मोसंबीची बाग आहे, उसाची नोंद कारखान्याला आहे, घर स्लॅबचं आहे. मध्यस्थ पहिला प्रश्न विचारतो, मुलगा काय करतो? शेती म्हटलं की दुसरा प्रश्न येत नाही. फोटो परत येतात, बायोडाटा परत येतात, कधी पत्रिकेचं निमित्त, कधी "मुलीला एवढ्यात करायचं नाही". लग्न मोडायची कारणं तीच, फक्त ती ऐकून घ्यायची पाळी आता मुलाच्या बापावर आलीय. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुण मुलं नवरदेवाचा पोशाख करून, मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चानं गेली आणि आम्हाला बायको मिळवून द्या म्हणाली. ते चित्र पाहून राज्य हसलं. बाळकराम असता तर त्यानं त्यावर लेख लिहिला असता. पण तो त्या मुलांची टर उडवून थांबला नसता, ही वेळ का आली हेही त्यानं लिहिलं असतं.

का आली, हे आकडे सांगतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागं ८९४ मुली होत्या. त्याच्या दहा वर्षं आधी, २००१ साली, हा आकडा ९१३ होता. गोदावरी ओलांडली की आमचा शेजारचा बीड जिल्हा, तिथं तो ८०७ वर आला होता. १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला, तो कागदावर राहिला. मुलीच्या लग्नाची धास्ती काही गेली नाही, आणि पोटातलं बाळ काय आहे हे सांगणारं यंत्र आल्यावर त्या धास्तीनं कुठली वाट धरली हे आपल्याला ठाऊक आहे. शेतीत पैसा उरत नाही, हे दुसरं कारण आहे, आणि तेही खरं आहे. शिकलेल्या मुलीनं पाण्याची आणि भावाची खात्री नसलेल्या घरात का यावं, असं तिनं विचारलं तर तिला बोल लावता येत नाही. पण पहिलं कारण आपण बोलत नाही. गडकऱ्यांच्या काळात ठकीला नाकारत होते, ती निदान घरात होती, खात-पीत होती, तिच्यासाठी वणवण करणारे लोक होते. नंतरच्या काळात आपण तिला जन्मूच दिलं नाही. बाळकरामाचे हे लेख आज वाचताना हसू ओठांवर येतं आणि तिथंच थांबतं, ते यामुळं.

हसण्यावरून आठवलं, आमच्या गावापासून जांब समर्थ जवळच आहे. १६०८ साली रामदास स्वामींचा जन्म तिथला. विनोद हा टवाळखोरांचा छंद, अशा अर्थाचं समर्थांचं वचन आमच्याकडं लहानपणापासून कानावर असतं. कुणी जरा जास्त हसलं-खिदळलं की वडीलधारी माणसं तेच ऐकवतात. मला समर्थांबद्दल फार आदर आहे, आणि म्हणूनच वाटतं की हे वचन सुटं काढून वापरणं बरोबर नाही. ज्यांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणं आणि पुढं पढतमूर्खाची लक्षणं लिहिली, त्यांना माणसाच्या वेडेपणाची किती बारीक नजर होती! ती यादी वाचताना दर दोन ओळींनी आपल्याला कुणीतरी ओळखीचं भेटतं. रिकामी थट्टा आणि माणसाला शहाणं करणारं हसू यांत फरक आहे, आणि समर्थांना तो नक्की कळत होता.

गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर. आमच्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, जळगाव जामोदला ते वकिली करत. कोर्टाची कामं सांभाळून त्यांनी 'सुदाम्याचे पोहे' लिहिले आणि सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या या त्रिकुटाच्या तोंडून खुळ्या रूढींवर कोरडे ओढले. मराठी विनोदाची ही सगळी परंपरा अशी आहे. ती नुसती करमणूक म्हणून आलेली नाही. १९२५ साली 'संपूर्ण बाळकराम' आलं, त्याच साली गडकऱ्यांना गुरू मानणाऱ्या अत्र्यांची 'झेंडूची फुले' आली आणि कवींच्या त्याच साच्यांना पुन्हा एकदा चिमटे बसले. गुरूच्या माघारी शिष्यानं काम थांबू दिलं नाही, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. अत्र्यांनीच पुढं १९६२ मध्ये 'अप्रकाशित गडकरी' काढलं. माणूस जाऊन त्रेचाळीस वर्षं झाली होती, तरी त्याचे कागद शोधणारं कुणीतरी होतं.

पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले. त्यांच्या माघारी 'एक शून्य मी' हा लेखसंग्रह आला. 'बटाट्याची चाळ' आणि 'असा मी असामी' ज्यांना पाठ आहे, त्यांना हे पुस्तक उघडल्यावर क्षणभर चुकल्यासारखं होतं. तिथं हसवणारे पु. ल. क्वचित भेटतात, भेटतो तो आजूबाजूच्या अन्यायानं, ढोंगानं, माणसाला कस्पटासमान लेखणाऱ्या रिवाजांनी अस्वस्थ झालेला एक सज्जन माणूस. मला ते पुस्तक वाचल्यावर 'बटाट्याची चाळ' पुन्हा वाचावीशी वाटली, आणि वाचताना चाळीतल्या त्या फाटक्या माणसांबद्दलची कणव आधीपेक्षा जास्त दिसली. विनोदी लेखकाची मागं राहिलेली पानं यासाठी वाचायची. तो हयात असताना आपण त्याच्याकडून हसू मागतो, आणि तो देतो. त्याच्या मनात आणखी काय चाललं होतं, हे विचारायचं आपल्याला सुचत नाही.

आमच्या भागाला हे सगळं उशिरा मिळालं. गडकरी गेले तेव्हा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कारभाराची आणि वरच्या शाळांची भाषा उर्दू. पुण्या-मुंबईची मासिकं गावोगाव येण्याचा प्रश्नच नव्हता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, त्यानंतर हळूहळू मराठी शाळा वाढल्या, वाचनालयं निघाली, आणि पाठ्यपुस्तकांतून, गॅदरिंगच्या नाटकांतून गडकरी आमच्या लोकांना कळू लागले. आज त्यांच्या लेखनावर कुणाचा हक्क उरलेला नाही, स्वस्त आवृत्त्या निघतात, सरकारच्या साहित्य संस्कृती मंडळानंही 'संपूर्ण गडकरी' काढलंय. मिळत नाही असं म्हणायला आता जागा नाही.

मला मात्र दुसरीच काळजी आहे. बाळकराम टिकला, कारण 'मनोरंजन'सारख्या मासिकांचे अंक जपले गेले होते. ते रद्दीत गेले असते तर ठकी आज आत्याबाईंपर्यंत पोचली नसती. आमच्या मराठवाड्यात विनोदी लिहिणारे, बोलणारे, सोंगी भारुडात प्रसंग पाहून नवं रचणारे कितीतरी लोक होऊन गेले. कुणी शाळेत मास्तर होते, कुणी तलाठी, कुणी सालगडी. त्यांचं लिहिलेलं जिल्ह्याच्या दैनिकांच्या दिवाळी अंकांत आहे, शाळांच्या वार्षिकांत आहे, वहीत आहे, बरंचसं तर नुसतं लोकांच्या तोंडात आहे. त्यांतल्या कुणाचंच 'संपूर्ण' निघालं नाही, आणि माणूस गेला की तेराव्यानंतर खोली रिकामी करताना पहिल्यांदा बाहेर पडतात ते त्याचे कागद.

म्हणून सांगतो. तुमच्या घरात आजोबांची अशी वही असेल, जुने अंक असतील, मामांनी गॅदरिंगसाठी लिहिलेला एखादा फार्स असेल, तर तो रद्दीवाल्याच्या काट्यावर चढण्याआधी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात नेऊन द्या. वाचनालय अगदी लहान, 'ड' वर्गाचं असलं तरी चालेल. ज्यांचं फक्त तोंडी आहे, त्यांच्यापाशी बसून ते उतरवून घ्या, आता तर खिशातल्या फोनवरही होतं. आणि वाचनालयवाल्या मंडळींना विनंती, असं काही कुणी घेऊन आलं तर जागा नाही म्हणून परत पाठवू नका. दाखल नोंदवहीत घ्या, वर लिहिणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव आणि साल घाला.